पोटात सायकल असलेला पुठ्ठा

मित्रांनो, पुस्तकाचं कौतुक सगळेच करतात. पुठ्ठ्याकडे कुणी बघत नाही. बघितलं तरी तो किती मळलाय एवढंच बघतात. म्हणून म्हटलं, आपली गोष्ट आपणच सांगावी. मी एक जुना पुठ्ठा आहे. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत होतो. आता काय आहे ते शेवटी सांगेन, मधेच विचारू नका.

माझा जन्म बंगळुरातल्या चामराजपेटेत, संताजी बाइंडरच्या दुकानात झाला. संताजी स्वतःच्या हाताने पुठ्ठे करायचा. तयार पुठ्ठा आणणं त्याला कमीपणाचं वाटे. रद्दीतले छापील कागद घ्यायचे, मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, आणि कागदावर कागद चिकटवत जायचं. मग तो थर दाबाखाली ठेवून, उन्हात वाळवून, वरून हिरवं कापड चढवलं की झाला पुठ्ठा. जमिनीवर आपटला तरी कोपरा मोडणार नाही असा.

आता नीट ऐका. ज्या रद्दीतून मी झालो ती साधी रद्दी नव्हती. शेजारच्या एका छापखान्याचा मालक धंदा आवरून गावी गेला, तेव्हा त्याच्याकडचे छापून पडलेले, न शिवलेले कागद संताजीकडे आले. ते एका लहानशा पुस्तकाचे होते. पुस्तकाचं नाव ‘बायकांनी सायकल कशी शिकावी’. लिहिणाऱ्या होत्या अंबुजाबाई. त्या याच पेटेत राहायच्या आणि नऊवारी नेसून सायकलवरून बाजारात जायच्या. आधी लोक नुसते बघत उभे राहायचे. मग बायका हळूच येऊन विचारू लागल्या, आम्हांला जमेल का हो. प्रत्येकीला सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, तेव्हा बाईंनी पुस्तकच लिहून टाकलं.

थोड्या प्रती शिवून अंबुजाबाईंच्या घरी गेल्या होत्या. त्यांचं काय झालं असेल, ओळखा. शेजारणींनी वाचायला म्हणून नेल्या, गादीखाली लपवल्या, आणि एकीनेही परत आणून दिली नाही. उरलेले कागद संताजीच्या खळीत बुडाले. अशा रीतीने ते पुस्तक जगातून नाहीसं झालं आणि आम्हां पुठ्ठ्यांच्या पोटात जाऊन बसलं. माझ्या वाट्याला तर बरीच पानं आली, कारण मला एका भल्यामोठ्या शब्दकोशावर चढवायचं होतं आणि संताजीला मी चांगला जाड हवा होतो.

तो कोश पेटेतल्याच मराठी ग्रंथालयाचा होता. खाली कल्याणमंडप आणि वर ग्रंथालय, अशी त्याची जागा. लग्नसराईत खालून नादस्वराचे सूर आणि हुळीचा, म्हणजे इथल्या आंबट आमटीचा, वास एकदमच वर येतो आणि वाचणाऱ्यांची पानं उलटायची थांबतात. तिथल्या ग्रंथपालाच्या टेबलावर मला जागा मिळाली. त्या वेळचे ग्रंथपाल बिंदुमाधवराव मला उशाला घेऊन दुपारची डुलकी काढायचे. पुठ्ठ्याच्या आयुष्यात याहून मोठा मान नसतो, असं मला तेव्हा वाटे.

मग एके दिवशी पद्मनाभ आला. सडपातळ, चष्मेवाला, म्हैसूरला ग्रंथालयशास्त्र शिकून आलेला. आज सगळं बंगळूर त्यांना पद्मनाभ अण्णा म्हणतं, पण तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं आणि शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. बिंदुमाधवरावांनी मला उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘हा कोश तुझा. एकच गोष्ट लक्षात ठेव. या खोलीत पुस्तक झिजलं तर झिजू दे, पण फाडलं जाता कामा नये.’’ पद्मनाभने मान डोलावली आणि मला दोन्ही हातांत असं धरलं, की हा माणूस शब्द पाळणार हे मला लगेच कळलं.

अण्णांनी आयुष्यात दोन कामं केली. दिवसभर लोकांना पुस्तकं काढून दिली आणि उरलेल्या वेळात एक सूची केली. दक्षिणेत छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची. तंजावरपासून धारवाडपर्यंत आणि मंगळूरपासून बंगळूरपर्यंत कुणी कधी एखादं आरत्यांचं चोपडं जरी मराठीत छापलं असेल, तरी ते त्यांना हवं असे. नुसतं नाव कळून त्यांचं भागत नसे. पुस्तक स्वतःच्या हातात घ्यायचं, पहिलं पान वाचायचं, शेवटचं पान वाचायचं, खिशातली फीत काढून लांबी-रुंदी मोजायची आणि मगच नोंद करायची. प्रत्येक नोंदीच्या शेवटी, प्रत कुठे पाहिली तेही लिहायचं. हातात घेतल्याशिवाय नोंद नाही, हा त्यांचा नेम होता. कुणी उपास पाळतं, कुणी मौन पाळतं, अण्णांनी हे पाळलं.

एकदा होसकोट्याच्या एका घरात जुनं व्रतकथेचं पुस्तक आहे असं कळलं. अण्णा बस पकडून गेले. घरच्यांनी आग्रह करून पानावर बसवलं, चित्रान्न वाढलं, ओबट्टू, म्हणजे इकडची पुरणपोळी, वाढला, पुस्तक दाखवलं. अण्णा तृप्त होऊन परत आले आणि टेबलाशी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की फीत घरीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा होसकोटे. त्या घरच्या आजीबाईंना वाटलं, ओबट्टू आवडला म्हणून आला. त्यांनी पुन्हा वाढला. अण्णा म्हणत, ती नोंद माझ्या सूचीतली सगळ्यांत गोड नोंद आहे.

पण नेम म्हटला की त्याची झळ कुणाला तरी लागतेच. सूचीच्या जगात एक गंमत असते. एकाने न पाहता एखाद्या पुस्तकाचं नाव लिहिलं, की दुसरा त्याच्यावरून उतरवतो, तिसरा दुसऱ्यावरून, आणि जे पुस्तक कधी छापलंच नाही ते चार सूच्यांत दिमाखाने वावरू लागतं. अशा पुस्तकांना अण्णा भूत म्हणत. पुण्याच्या एका मोठ्या सभेत त्यांनी असं एक नामांकित भूत उघडं पाडलं. पंडित मंडळींनी टाळ्या वाजवल्या, शाल दिली. ती शाल अण्णांनी परत आल्यावर काही दिवस माझ्यावरच घालून ठेवली होती, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. मला फार उकडलं, पण अभिमानही वाटला.

आता शालन अक्कांकडे येऊ, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकायची नाही.

अण्णांच्या तरुणपणी शालन नावाची एक मुलगी ग्रंथालयाची सभासद व्हायला आली. नाव लिहून झाल्यावर तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘माझ्या आईचं पुस्तक आहे का इथे? बायकांनी सायकल कशी शिकावी, असं नाव आहे.’’ होय मित्रांनो, ती अंबुजाबाईंची मुलगी. लहानपणी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून सगळं चामराजपेट हिंडलेली. आई तेव्हा नुकतीच गेली होती आणि घरात पुस्तकाची एकही प्रत नव्हती. पद्मनाभने सगळी कपाटं उपसली. पुन्हा ये, शोधून ठेवतो, म्हणाला. ती पुन्हा आली. पुस्तक नव्हतं. तो म्हणाला, अजून एक कपाट राहिलंय. असं करता करता कपाटं संपली आणि त्यांचं लग्न झालं.

त्यानंतर अण्णा जिथे जिथे गेले तिथे आधी त्या सायकलच्या पुस्तकाची चौकशी करत आणि मग आपल्या कामाची. तंजावरला केली, धारवाडला केली, पुण्यात तर रद्दीवाल्यांच्या दारोदार केली. परत आले की अक्का दारातच विचारत, ‘‘मिळालं?’’ अण्णा नुसते चपला काढत. त्यावरून अक्कांना उत्तर कळे.

आणि मी? मी त्यांच्या कोपराखाली होतो. रोज सकाळी ते मला उघडत, शब्द बघत, मिटत, आणि माझ्यावर कोपर टेकून नोंदी लिहीत. माझ्या पोटात अंबुजाबाई सायकल चालवत होत्या आणि माझ्या डोक्यावर त्यांचे जावई त्यांनाच शोधायला कुठे जावं याचे बेत आखत होते. पुठ्ठ्याला तोंड नसतं याचं मला आयुष्यात एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं. एकदा तर कहर झाला. कॉलेजची मुलं ग्रंथालय बघायला आली होती. अण्णांनी मला हातात उचललं, माझ्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, ‘‘जुन्या पुठ्ठ्यांना कमी लेखू नका. त्यांच्या पोटात कधी कधी हरवलेली पुस्तकं सापडतात.’’ मुलांनी लिहून घेतलं. अण्णांनी मला खाली ठेवलं आणि पुढच्या कपाटाकडे गेले. दुसऱ्याला सांगितलेलं आपल्या टेबलालाही लागू असतं, हे विद्वानांच्या लक्षात यायला जरा वेळ लागतो. मला राग आला नाही. हसू मात्र आलं, म्हणजे पुठ्ठ्याला जितकं येऊ शकतं तितकं.

वर्षं गेली. अण्णांचे केस पांढरे झाले, माझा हिरवा रंग उडाला. वाचकही कमी झाले. अधूनमधून कुणी फोनवर बोलायला शांत जागा म्हणून वर येई. मग पुण्याहून नोकरीसाठी आलेली अंजली एका रविवारी आली आणि दर रविवारी येऊ लागली. संगणकावर काम करणारी मुलगी. अण्णांची सूची तिने संगणकावर चढवून दिली आणि सूचीची नवी, शेवटची आवृत्ती छापायचं ठरलं. शेवटची हा शब्द अण्णांनी स्वतःच वापरला. ‘‘आता डोळे नको म्हणतात,’’ ते म्हणाले.

मुद्रितं तपासून झाली. छापखान्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या दुपारी शालन अक्का बनशंकरीच्या घरून रोजच्यासारख्या कॉफीचा फ्लास्क घेऊन आल्या. अंजली समोर बसली होती. अक्कांनी पेले मांडले आणि हळूच विषय काढला.

‘‘अहो, एक विचारू? आईचं पुस्तक अगदी शेवटी, तळाला, बारीक अक्षरात घाला की. पाहिलेलं नाही, असं लिहूनच घाला. मला चालेल.’’

अण्णांनी पेन खाली ठेवलं. ‘‘शालन, एक न पाहिलेलं घातलं की पाहिलेल्या सगळ्यांवरचा विश्वास उडतो. लोक म्हणतील, सासूबाई म्हणून घातलं.’’

‘‘म्हणजे माझी आई भूत.’’

‘‘मी असं कधी म्हटलंय?’’

‘‘म्हटलं नाही, पण लिहिलंही नाही. मी पाहिलंय ते पुस्तक. त्याच्यावर निळं मुखपृष्ठ होतं. पण माझं पाहणं तुमच्या सूचीत बसत नाही ना. सरी, ठीक आहे, राहू द्या.’’

अण्णांचा आवाज खाली आला. ‘‘तुझ्यापेक्षा मला कमी हवंय का गं ते?’’

अक्कांचे डोळे भरून आले होते. तशाच त्या कॉफी ओतू लागल्या, आणि पेला सोडून सगळी कॉफी माझ्यावर आली.

मित्रांनो, पुस्तकावर कॉफी सांडणं वाईट हे मलाही माहीत आहे. या खोलीत तो सगळ्यांत मोठा गुन्हा. अण्णा ताडकन उठले, अंजलीने ओढणीने टिपायला सुरुवात केली, अक्का ‘‘अय्यो, अय्यो’’ करत राहिल्या. पण गरम कॉफी आधीच माझ्या कोपऱ्यातून आत शिरली होती. इतक्या वर्षांनी संताजीची खळ सैल झाली. मी फुगलो. कापड सुटलं, वरचा थर सुटला, आणि केळीच्या सोपटासारखा एक कागद अलगद वर आला. त्याच्यावर अक्षरं होती.

अंजली वाकून वाचू लागली. ‘‘अण्णा, हे बघा ना. काहीतरी प्रिंटेड आहे. ‘मागें कुणीतरी धरलें आहे असें समजावें. धरलेलें नसलें तरी चालतें.’ हे काय, योगासनांचं वगैरे आहे का?’’

अक्कांच्या हातातला फ्लास्क टेबलावर टेकला. ‘‘हे माझ्या आईचं वाक्य आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला सायकल शिकवताना ती हेच म्हणायची. आणि मागचा हात तिने केव्हाच काढून घेतलेला असायचा.’’

खाली मंडपात कुणीतरी खुर्च्या मांडत होतं त्याचाच काय तो आवाज. अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, ओला कागद वाचला. पॅडल, सीट, हँडल. मग त्यांनी माझ्यावर हात ठेवला. ‘‘इथे होतं,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या कोपराखाली.’’

आता सगळे नाचले असते आणि गोष्ट संपली असती. पण अण्णा ते अण्णाच. जरा सावरल्यावर म्हणाले, ‘‘नावाचं पान मिळालं पाहिजे. त्यावर पुस्तकाचं नाव, बाईंचं नाव, साल असणार. त्याच्याशिवाय हे नुसते कागद आहेत. नोंद होत नाही.’’

अक्कांनी कपाळाला हात लावला. ‘‘अंजली, बघ बाई. असा माणूस मी सांभाळलाय.’’

छापखान्याला थांबायला सांगितलं. अण्णांनी मला कोशापासून सोडवलं, टीपकागदात घालून वाळवलं. वरचे काही थर सुटले होते, पण आतले अजून घट्ट होते आणि तिथेच घोडं अडलं. सुटलेलं उचलणं वेगळं आणि धडधाकट पुठ्ठा मुद्दाम उकलणं वेगळं. बिंदुमाधवरावांना दिलेला शब्द होता. इतकी वर्षं या माणसाने पानाचा कोपरा दुमडणाऱ्यालाही माफ केलं नव्हतं. आता त्याने स्वतः पुस्तकाच्या अंगाला हात घालायचा? आणि तोही माझ्या? त्यांचं माझ्यावर किती प्रेम आहे हे मला त्या दिवसांत कळलं आणि त्याच प्रेमापायी मी गुदमरत होतो. नावाचं पान माझ्या अगदी मधल्या थरात होतं. संताजीने सगळ्यांत आधी तेच घेऊन त्याच्या दोन्ही अंगांनी कागद चढवले होते.

अंजलीने तोडगा काढला. तिचा नवरा प्रणीत शहराच्या टोकाला, पीण्या भागातल्या एका कारखान्यात होता. तिथे लोखंडी भागांना आतून चीर आहे का ते यंत्रातून पाहतात. ‘‘आपण याचा एक्स-रे काढू या ना अण्णा. झीरो डॅमेज,’’ ती म्हणाली. तर मित्रांनो, मी पीण्याला जाऊन आलो. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसलो. तिथल्या कामगारांनी मला मोठमोठ्या गिअरांच्या रांगेत ठेवलं. फोटो निघाला. छापील शाई त्यात दिसतच नाही म्हणे. दिसली ती फक्त एक वाकडी सुई, संताजीची, काम करता करता आत राहून गेलेली. ती मला किती वर्षं टोचत होती ते तुम्हांला सांगून कळायचं नाही. प्रणीतने फोटो अण्णांना दिला तेव्हा अक्का हसून हसून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा सकाळी लवकरच ग्रंथालयात आले. मला समोर घेऊन बसले. मागोमाग अक्काही आल्या आणि शेजारी बसल्या. खूप वेळाने अण्णा म्हणाले, ‘‘बिंदुमाधवरावांना काय सांगू?’’

अक्का म्हणाल्या, ‘‘सांगा, फाडलं नाही, उघडलं. आत पुस्तक असेल तर ते उघडायचंच की. आणि हे बघा, तुम्हांला नको वाटत असेल तर खरंच नको. मला आईचं एक वाक्य मिळालं. स्वल्प मिळालं, पण मिळालं. मी आता रुसणार नाही.’’

एवढ्यावर ही दोघं थांबली तर? पण अण्णांनी उठून भांड्यात पाणी घेतलं. टीपकागद ओले केले, पिळले, माझ्या दोन्ही अंगांवर पसरले आणि वाट पाहत बसले. मग एक पातळ पट्टी घेऊन त्यांनी माझा कोपरा उचलला. हात कापायला लागला तेव्हा अक्कांनी त्यांचं मनगट धरलं. अशी ती दोघं एका हाताने काम करू लागली.

खरं सांगू? मला वाटलं होतं दुखेल. दुखलं नाही. इतकी वर्षं आवळून धरलेला श्वास सुटावा तसं झालं. एकेक थर मोकळा होत गेला. सीट किती उंच असावी. घंटी केव्हा वाजवावी. नऊवारी नेसणारीचं निम्मं काम आधीच झालेलं असतं, कारण कासोटा साखळीत अडकत नाही. तोल जाईल तेव्हा जिकडे पडत असाल तिकडेच हँडल वळवावं. अक्का मोठ्याने वाचत होत्या आणि मधेच हसत होत्या, आणि मागाहून आलेली अंजली प्रत्येक पानाचा फोटो घेत होती. वाटेत ती सुईही निघाली. अण्णांनी तीसुद्धा पुसून बाजूला ठेवली.

शेवटचा थर सुटला. मोरचुदाने जरा निळसर झालेलं, पण अक्षर न् अक्षर शाबूत असलेलं नावाचं पान. वर पुस्तकाचं नाव. खाली अंबुजाबाईंचं नाव. तळाला बंगळूर शहर आणि साल. आणि मागच्या बाजूला एकच ओळ: ‘मागल्या कॅरिअरवर बसून एकदांही न घाबरलेल्या चि. शालूस.’

अक्कांनी ती ओळ वाचली नाही. नुसतं बोट ठेवलं तिच्यावर. अण्णांनीही वाचून दाखवली नाही. मला वाटतं, त्यांच्याने वाचवली नसती. त्यांनी खिशातून फीत काढली, पान मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. मग पेन घेऊन मुद्रिताच्या कोऱ्या जागेत नोंद लिहिली. नाव, लेखिका, साल, माप. नेहमीप्रमाणे शेवटी प्रत कुठे पाहिली ते लिहायचं आलं, तिथे ते थांबले. हसले. आणि लिहिलं: ‘प्रत याच ग्रंथालयात, सूचिकाराच्या हाताखाली. रोज हातांत होती, पाहिली उशिरा.’

अक्कांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘आता कॉफी देऊ का? लांब बसून घ्या.’’

मित्रांनो, आता मी पुठ्ठा राहिलो नाही. कोशाला नवा पुठ्ठा मिळाला, काळा, कारखान्यातला. बरा आहे बिचारा, शिकेल हळूहळू. मी मात्र पुस्तक झालो आहे. माझी पानं शिवून त्यांना निळं मुखपृष्ठ घातलंय, अक्कांनी सांगितलं तसंच. कुत्रं मागे लागलं तर काय करावं, या प्रकरणाची दोन पानं अजून मिळालेली नाहीत. ती माझ्या कुठल्यातरी हिरव्या भावंडाच्या पोटात असतील. अण्णा हल्ली कपाटापुढून जाताना प्रत्येक हिरव्या पुठ्ठ्यावर बोटाने टकटक करतात आणि कान देऊन उभे राहतात. येणारे लोक बघतात आणि अंजलीला खुणेने विचारतात, हे बरे आहेत ना.

माझं तुमच्याकडे फार मोठं मागणं नाही. वाचायला नेलेलं पुस्तक परत आणून द्या. त्या शेजारणींपैकी एकीने जरी आणून दिलं असतं, तर एका मुलीला आईसाठी एवढं थांबावं लागलं नसतं. पुस्तकाजवळ कॉफी घेऊ नका. आमच्या वेळी सांडली ते ठीक झालं, तुमच्या वेळी होईलच असं नाही. आणि एखाद्या जाड, जुन्या, रंग उडालेल्या पुस्तकावर कोपर टेकून लिहायला बसाल, तेव्हा कोपर जरा हलकं ठेवा. खाली कुणाची आई असेल, सांगता येत नाही.